डिस्क आहे, पण दिसत नाही

गतवर्षी दहावीच्या अंतर्गत गुणांचे तक्ते परीक्षा मंडळाकडे धाडण्याची मुदत चार दिवसांवर आली असता आमच्या शाळेच्या कार्यालयातील लॅपटॉप एका सकाळी सुरूच होईना. अर्धवट राहिलेल्या कसल्याशा अपडेटमुळे विंडोज मोडली होती. असल्या प्रसंगासाठी म्हणून मी कपाटात एक पेनड्राइव्ह जपून ठेवला होता. बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीनेच तो तयार करून दिलेला. मूळ यंत्रणा कोसळली की त्यावरून संगणक सुरू करावा आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली प्रत आतल्या डिस्कवर उतरवावी, अशी ती योजना. पेनड्राइव्ह लावला, पडदा उजळला, डिस्कांची यादीही आली. पण त्या यादीत आतली डिस्क नव्हतीच. दुरुस्तीच्या दुकानात नेले. तेथील गृहस्थांनी तोच प्रयोग करून पाहिला व निर्वाळा दिला, "सर, डिस्क गेली. नवी बसवून घ्या." आमचे व्यवस्थापक फादर शेजारीच उभे होते. "मग मुलांच्या गुणांचे काय, सर?" एवढेच त्यांनी विचारले. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्यानंतर भरलेले सारे गुण त्या 'गेलेल्या' डिस्कवर होते.

डिस्क गेलेली नव्हती. ती असूनही दिसत का नव्हती, या प्रश्नामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि आज मला तोच सांगावयाचा आहे.

आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर 1981 साली आला, आणि 1983 साली त्याच्या एक्सटी नावाच्या आवृत्तीत 10 मेगाबाइटांची हार्ड डिस्क बसविण्यात आली. म्हणजे सुमारे एक कोटी रोमन अक्षरे मावतील एवढी जागा. त्या यंत्राच्या चिपांमध्ये बायॉस नावाची एक लहानशी आज्ञावली कायमची कोरलेली असे. डॉस ही त्या काळची यंत्रणा डिस्कशी सहसा स्वतः बोलत नसे. अमुक सिलिंडर, अमुक हेड, अमुक सेक्टर वाचून दे, असे ती बायॉसला सांगे, व बायॉस ते काम करून देई. त्यामुळे डॉसची एक साधी फ्लॉपी खिशात असली की ती कोणत्याही यंत्रात घालावी आणि आतली डिस्क वाचावी, इतके ते सोपे होते. फ्लॉपीला डिस्कची काहीच ओळख असावी लागत नसे. ओळख बायॉसला असे.

या सोयीला पहिला तडा गेला तो आकड्यांमुळे. बायॉसच्या पत्त्यात 1024 हून अधिक सिलिंडर मावत नव्हते, आणि डिस्कच्या बाजूला 16 हून अधिक हेड मावत नव्हती. सेक्टर 63, प्रत्येकात 512 बाइट. हा गुणाकार केला की 52 कोटी 84 लाखांच्या घरात येतो, आणि 1990 नंतरच्या काही वर्षांत डिस्का त्याच्या पलीकडे गेल्या. जुन्या बायॉसच्या यंत्रांसाठी तेव्हा एक तोडगा निघाला: डिस्कच्या अगदी आरंभीच एक दुभाषी आज्ञावली ठेवावयाची, जी आधी सुरू होऊन मोठ्या डिस्कचे पत्ते बायॉसच्या भाषेत उतरवून देईल. तोडगा नामी होता, पण त्याच्या पोटात एक फजिती दडलेली होती. संकटाच्या वेळी माणूस फ्लॉपीवरून संगणक सुरू करी, तेव्हा डिस्कच्या आरंभीचा तो दुभाषी जागाच होत नसे, आणि भरलेली डिस्क रिकामी किंवा बिघडलेली वाटे. त्यावर उपाय असा, की आधी डिस्कवरून सुरुवात होऊ द्यावी, दुभाषी जागा झाला की स्पेसबार दाबावा, आणि मगच फ्लॉपी आत सारावी. हे ज्याला ठाऊक नसे, तो डिस्क नव्याने फॉरमॅट करून मोकळा होई. किती जणांची कागदपत्रे अशी हकनाक बुडाली असतील, कोण जाणे!

त्याच सुमारास न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी घोस्ट ही आज्ञावली रचली. सबंध डिस्कची हुबेहूब प्रत काढणे तिने सर्वसामान्यांच्या आटोक्यात आणले; पुढे 1998 साली ती सिमँटेक कंपनीने विकत घेतली. घोस्टही डॉसच्या फ्लॉपीवरूनच चाले.

खरे स्थित्यंतर झाले ते यानंतर. विंडोजची एनटी ही शाखा आणि लिनक्स या नव्या यंत्रणा सुरुवातीचे पाऊल टाकण्यापुरता बायॉसचा हात धरतात, आणि मग तो सोडून डिस्कच्या कंट्रोलरशी स्वतः बोलू लागतात. त्यासाठी त्यांना त्या त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची भाषा जाणणारी आज्ञावली, जवळ बाळगावी लागते. ती नसेल तर यंत्रणेच्या लेखी डिस्क अस्तित्वातच नसते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील कित्येक जुन्या घराण्यांत मोडी कागदांच्या पेट्या आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा घरात उरलेला नाही. त्या कागदांना कोणी 'गेले' म्हणत नाही, कारण ते डोळ्यांना दिसतात. डिस्कच्या नशिबी तेवढेही नाही.

विंडोज एक्सपी 2001 साली आली. तिच्या मूळ आवृत्तीला 137 गिगाबाइटांपलीकडची डिस्क पुरती दिसत नसे; 2002 च्या सुधारणेने ते दुरुस्त केले. पुढे साटा डिस्का आल्या, 2004 साली त्यांच्या कंट्रोलरची एएचसीआय ही नवी पद्धत ठरली, आणि एक्सपीपाशी तिचा ड्रायव्हर नव्हता. एक्सपी बसविताना आरंभीच एफ6 ही कळ दाबून ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागे. गंमत अशी की, नव्या यंत्रांतून तेव्हा फ्लॉपीची फटच नाहीशी होत चालली होती.

आजचे बहुतेक संकटकालीन पेनड्राइव्ह विंडोज पीई नामक छोट्या विंडोजवर उभे असतात. तिचा आरंभ 2002 चा. ती ज्या सालची, त्या सालापर्यंतचेच ड्रायव्हर तिच्यापाशी. एनव्हीएमई डिस्कांचे पहिले मानक 2011 साली प्रसिद्ध झाले. 2009 च्या विंडोज 7 वर बेतलेल्या पीईला ते कसे ठाऊक असणार? तिला यूएसबी 3 सुद्धा ठाऊक नव्हते. त्यामुळे ज्या पेनड्राइव्हवरून ती सुरू झाली, तोच पेनड्राइव्ह सुरू झाल्यावर तिला दिसेना, असाही चमत्कार घडे. एनव्हीएमईचा ड्रायव्हर 2013 च्या विंडोज 8.1 पासून अंगभूत झाला. आता सारे सुरळीत झाले असे वाटते न वाटते तोच इंटेलने 2020 च्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर लॅपटॉपांत व्हीएमडी ही सोय आणली. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क व्हीएमडीच्या आड जाते, आणि तिचा ड्रायव्हर नसलेल्या यंत्रणेला पुन्हा काहीच दिसत नाही.

आमचा लॅपटॉप याच पिढीचा, आणि माझा पेनड्राइव्ह त्याच्या आधीच्या जुन्या संगणकावर तयार केलेला!

हे कोडे सोडविले ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याने. त्याने पेनड्राइव्हला हात लावण्यापूर्वी यंत्राच्या सेटअपमध्ये शिरून पाहिले. तेथे डिस्कचे नाव व आकार दोन्ही स्वच्छ दिसत होते. "सर, डिस्क जिवंत आहे. तुमच्या पेनड्राइव्हला तिची भाषा येत नाही," तो म्हणाला. सेटअपमधून व्हीएमडी बंद करण्याचा मार्ग होता. पण तसे केले असता मूळची विंडोज सुरू होण्यास नकार देण्याचा संभव असतो, व काम उरकल्यावर ती आठवणीने चालू करावी लागते, म्हणून त्याने तो टाळला. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर दुसऱ्या यंत्रावर उतरवून त्याने तो उलगडला, पेनड्राइव्हवर ठेवला, काळ्या खिडकीत डीआरव्हीलोड ही आज्ञा देऊन पुढे त्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलीचा पत्ता लिहिला. मग डिस्कपार्टला यादी विचारली. आतली डिस्क तेथे उभी होती.

तिला बिटलॉकरचे कुलूप होते, ही दुसरी अडचण. 48 अंकांची किल्ली हवी होती, आणि ती आमच्या लिपिक बाईंनी कागदावर छापून खरेदीच्या पावतीला टाचून ठेवली होती. मला त्याचा पत्ताही नव्हता. बॅकअप उतरविण्याच्या आधी आम्ही गुणांच्या फाइली तेवढ्या दुसरीकडे उचलल्या, कारण जुनी प्रत वर बसली असती तर ते तीन आठवडे खरोखरच पुसले गेले असते.

तक्ते मुदतीच्या आदल्या दिवशी गेले. त्याच आठवड्यात मी त्या लॅपटॉपवरच नवा पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून यंत्र एकदा सुरू केले, आणि यादीत आतली डिस्क फादरांना बोट ठेवून दाखविली. जुना पेनड्राइव्ह नववीतील एका मुलीला तिच्या प्रकल्पासाठी देऊन टाकला.