जीएसटी ऑडिटची नोटीस आली तर : एकलहरे परिसरातील ठेकेदार आणि व्यापाऱ्यांसाठी

एकलहरेच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि त्यांच्या भोवती कितीतरी घरांची चूल पेटते. कुणी मजूर पुरवतं, कुणाच्या गाड्या राखेवर लागलेल्या असतात, कुणी भंगार उचलतं, कुणाचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. नाशिकरोड, सिन्नर फाटा, सामनगाव या पट्ट्यातले आपले अनेक लोक याच कामांवर जगतात. यातल्या बहुतेकांचा हिशोब 'टॅक्सवाल्या'कडे असतो आणि पोर्टलचा पासवर्डही त्याच्याचकडे. त्यामुळे जीएसटी ऑडिटची नोटीस आली की घरात पहिला प्रश्न असतो, 'आता धाड पडणार का?'

धाड आणि ऑडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाड म्हणजे जीएसटी कायद्याच्या कलम ६७ खालची तपासणी, झडती आणि जप्ती. त्यासाठी सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचं लेखी अधिकारपत्र लागतं, त्याला आयएनएस-०१ म्हणतात. ऑडिट म्हणजे कलम ६५ खालचं लेखापरीक्षण. अधिकारी तुमच्या वह्या, बिलं आणि रिटर्न पडताळतात. या कलमाखाली ते कपाट उघडून माल किंवा कागद जप्त करत नाहीत. तिसरा प्रकार कलम ६१ चा. त्यात फक्त रिटर्नमधली विसंगती दाखवणारी एएसएमटी-१० ही नोटीस येते. आणि सीएकडून दरवर्षी करून घेतो ते 'टॅक्स ऑडिट' आयकराचं असतं, त्याचा इथे संबंध नाही. हातात आलेला कागद यातला नेमका कोणता, हे आधी पाहा. वकिलाचा पहिला प्रश्नही तोच असेल.

ऑडिटची नोटीस एडीटी-०१ या नमुन्यात येते आणि ती किमान १५ कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. त्यात कोणत्या आर्थिक वर्षाचं ऑडिट, कोणते कागद हवेत आणि कुठे यायचं हे लिहिलेलं असतं. राज्याच्या अखत्यारीतले करदाते पाथर्डी फाट्याच्या कार्यालयात जातात. केंद्राच्या अखत्यारीतल्यांचा कारभार गडकरी चौकातल्या केंद्रीय राजस्व भवनातून चालतो. नोटीस खरी आहे का, हे फोनवर विचारत बसू नका. केंद्राच्या पत्रावर डीआयएन किंवा (पोर्टलवरून आलं असेल तर) आरएफएन क्रमांक असतो, राज्याच्या पत्रावर आरएफएन क्रमांक. दोन्ही ऑनलाइन पडताळता येतात. व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवून 'सेटलमेंट'चा आकडा सांगणाऱ्याला काहीही पाठवू नका, आधी तो क्रमांक तपासा.

खरा धोका वेगळाच आहे. कलम १६९ प्रमाणे पोर्टलवर टाकलेली नोटीसही बजावल्यासारखीच धरता येते. पोर्टलवर 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' नावाचा वेगळा कप्पा आहे, तो कुणी उघडतच नाही. नोंदणीच्या वेळी टॅक्सवाल्याने स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकलेला असेल तर सूचना त्यालाच जाते, आणि ठेकेदाराला कळतं ते थेट बँक खातं गोठल्यावर. मग नोटीस, सुनावणी, आदेश हे सगळं तुमच्या गैरहजेरीत उरकलेलं असतं. नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल घरातल्याच कुणाचा तरी असायला हवा. घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर महिन्यातून एकदा तो कप्पा उघडून बघायचं काम त्यांना द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

वीज केंद्राच्या ठेक्यांमध्ये ऑडिट नेमकं कुठे अडकतं?

सरकारी कंपन्या अडीच लाखांवरच्या कंत्राटात बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापतात आणि जीएसटीआर-७ या रिटर्नमध्ये दाखवतात. म्हणजे तुम्हाला किती पैसे मिळाले हे विभागाकडे आधीच आहे. तुमच्या ३बी रिटर्नमधली उलाढाल त्यापेक्षा कमी दिसली की प्रश्न येणारच. पण प्रत्येक फरक म्हणजे लपवलेली विक्री नसते. समजा, मार्चमध्ये बिल लावलं आणि पैसे मे महिन्यात आले. कर तुम्ही मार्चमध्ये भरला, टीडीएस मात्र पुढच्या वर्षात दिसतो. अशा वेळी बिलवार तक्ता करावा : बिल क्रमांक, तारीख, रक्कम, ३बी मध्ये कोणत्या महिन्यात दाखवलं, टीडीएस कधी कापला. आमच्या मते या ऑडिटमध्ये इतका उपयोगी दुसरा कागद नाही. लांबलचक उत्तरापेक्षा हा एक तक्ता जास्त बोलतो. आयकराच्या २६एएस मधला आकडाही याच तक्त्यात बसवून ठेवा, कारण अधिकारी तोही बघतात.

मजूर पुरवणाऱ्यांची अडचण वेगळी. अनेक जण फक्त आपल्या कमिशनवर कर भरतात. पगार आणि पीएफची रक्कम 'आपली नाहीच' म्हणून सोडून देतात. पण मजूर तुमच्या रोलवर असतील तर कंपनीला लावलेल्या पूर्ण बिलावर, पगार-पीएफ धरून, १८ टक्के दराने कर बसतो. ही चूक तीन-चार वर्षं चालली असेल तर रक्कम मोठी होते, आणि वर १८ टक्के व्याज. मागाहून कंपनीकडून हा कर वसूल करणंही सोपं नाही. वीज जीएसटीमुक्त असल्याने वीज कंपनीला या कराची वजावट मिळत नाही, तो तिच्या खर्चातच पडतो. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये 'जीएसटी वेगळा' असं लिहिलं आहे की दर करासहित आहे, हा शब्द शोधून वकिलाला दाखवा. पुढचं बरंच काही त्यावर ठरतं.

गाडीवाल्यांना विचारतात की बिल्टी कोण काढतं. बिल्टी काढणारा ट्रान्सपोर्टर आणि त्याला गाडी भाड्याने देणारा मालक यांच्या कराचा हिशोब एक नाही, तेव्हा उत्तर देताना दोन्ही भूमिका एकत्र करू नका. भंगारवाल्यांसाठी १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर कर खरेदीदाराने भरायचा आहे. शिवाय ज्याच्याकडून बिलावर माल घेतला त्याची नोंदणी नंतर मागच्या तारखेपासून रद्द झाली की अधिकारी तुमची वजावट नाकारतात. अशा वेळी काटा पावती, ई-वे बिल, गाडीचा नंबर आणि बँकेतून केलेलं पेमेंट हेच तुमचे साक्षीदार. रोखीत व्यवहार केलेला असेल तर वकिलालाही फारसं काही करता येत नाही. आणि पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नसतील तर घेतलेली वजावट व्याजासह उलटावी लागते, याचाही विसर पडतो.

कागद किती वर्षांचे ठेवायचे? वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२२-२३ च्या बिलांना ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हात लावू नका. पावसात भिजलेली गोणी हे उत्तर चालत नाही.

आता मदत कुणाची घ्यायची. कलम ११६ प्रमाणे तुमच्या वतीने वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर, तुमचा नातेवाईक किंवा कायम नोकर हजर राहू शकतो. अधिकारपत्र लेखी लागतं. ऑडिट फक्त आकड्यांचं असेल तर तुमचा सीए पुरे. पण कराच्या दराचा किंवा कायद्याच्या अर्थाचा वाद असेल, नोटिशीत 'फसवणूक' किंवा 'हेतुपुरस्सर दडवणूक' हे शब्द असतील, किंवा कलम ७० खाली समन्स आलं असेल, तर वकील पहिल्या दिवसापासून हवा. समन्समध्ये शपथेवर जबाब द्यायला बोलावलं तर तिथे स्वतःच जावं लागतं, प्रतिनिधी चालत नाही. जबाब वाचल्याशिवाय सही करू नये. मराठीत समजावून मागावा. फी आधी ठरवून घ्या, ती फक्त ऑडिटपुरती आहे की अपिलापर्यंत, हेही लिहून घ्या. 'साहेब आपले ओळखीचे आहेत' हे ज्याचं एकमेव भांडवल आहे, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

कागद दिल्याची किंवा प्रत्यक्ष ऑडिट सुरू झाल्याची तारीख, यातली जी नंतरची, तिथपासून तीन महिन्यांत ऑडिट संपवायचं असतं. आयुक्त ते जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकतात. कागद देताना यादी करून पोच घ्या. मग अधिकारी सापडलेल्या त्रुटी कळवतात आणि तुमचं उत्तर मागतात. सगळ्या प्रक्रियेत हीच जागा सर्वांत महत्त्वाची. इथे नीट उत्तर दिलं तर निम्मे मुद्दे इथेच गळू शकतात, कारण अंतिम निष्कर्ष या उत्तराचा विचार करूनच काढायचे असतात. मात्र लोक इथेच गप्प बसतात आणि पुढे अपिलात जोर लावतात. मुद्देवार उत्तर द्या : हे मान्य, हे अमान्य, त्याला हा पुरावा.

अंतिम निष्कर्ष एडीटी-०२ मध्ये मिळतात. ही अजून वसुलीची ऑर्डर नाही. जो मुद्दा खरोखर आपला चुकला आहे, तो कर व्याजासह डीआरसी-०३ ने भरून टाकावा. फसवणुकीचा आरोप नसलेल्या कलम ७३ च्या प्रकरणात कारणे दाखवा नोटिशीआधी, किंवा नोटिशीनंतर ३० दिवसांत, भरलं तर दंड लागत नाही. नाहीतर कराच्या १० टक्के किंवा १० हजार रुपये, यातला जास्त आकडा. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४अ लागतं, आणि तिथे हे ३० दिवस ६० झाले आहेत. व्याज देणं कुणालाच आवडत नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही. म्हणूनच मान्य रक्कम थकवत ठेवू नका. पण केवळ दबावाखाली, 'आजच भरा' म्हटल्यावर चेक देऊ नका. झडतीच्या वेळी जबरदस्तीने वसुली करू नये, अशी सूचना केंद्रीय विभागाने २५ मे २०२२ लाच काढली आहे, आणि सुप्रीम कोर्टानेही २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अग्रवाल निकालात अशा जबरदस्तीला चूक ठरवलं आहे.

वादाचा भाग उरला तर डीआरसी-०१ ही कारणे दाखवा नोटीस येते. उत्तर डीआरसी-०६ मध्ये द्यायचं आणि त्यात वैयक्तिक सुनावणी हवी असं स्पष्ट लिहायचं. सुनावणीची तारीख योग्य कारण देऊन जास्तीत जास्त तीन वेळा पुढे ढकलून घेता येते. शुक्रवारी दुपारची वेळ मिळाली आणि जुम्याची नमाज चुकणार असेल, तर त्यासाठी तारीख वाया घालवू नका. त्याच दिवशी सकाळची वेळ लेखी मागा.

आदेश विरोधात गेला तर तीन महिन्यांत अपील करता येतं. उशिराचं योग्य कारण असेल तर आणखी एक महिना मिळू शकतो, त्यानंतर अपील अधिकाऱ्याला मुदत वाढवता येत नाही. वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती भरली की उरलेली वसुली थांबते. त्याच्यावर जीएसटी अपिलीय न्यायाधिकरण आहे, तिथे आणखी १० टक्के. न्यायाधिकरणाचं खंडपीठ नाशिकला नाही, म्हणून वकील निवडताना तो बाहेरगावी उभा राहील का हेही विचारून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात 'विधी सेवा' म्हणजे फक्त कोर्टातली केस नव्हे, इतर प्राधिकरणांपुढचं कामही त्यात येतं. महिलांना उत्पन्नाची अट नाही. नोंदणी पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असेल, आणि आपल्याकडे ती बरेचदा असते, तर अर्ज त्यांच्या नावाने करता येतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्जासोबत नोटिशीची प्रत जोडा आणि उत्तराची शेवटची तारीख वरच मोठ्या अक्षरात लिहा. वकील नेमून मिळेपर्यंत मुदत संपणार असेल तर अधिकाऱ्याला मुदतवाढीचा अर्ज स्वतःच द्या, आणि त्याची पोच घ्या.