शेजारच्या खुर्चीतला माणूस

छत्री घरीच ठेवा. सिॲटलचा माणूस भुरभुर पावसात छत्री उघडत नाही, डोक्यावर हूड ओढून चालत राहतो. छत्री दिसली की पहिल्याच चौकात ओळखतील, हा पाहुणा. आज पाहुण्यासारखं दिसून चालायचं नाही. हिरवा-पिवळा टीशर्ट घाला, जितका विटलेला तितका बरा. फोनही इथंच राहू द्या. जिथं जायचंय तिथं बहुतेकांकडे अजून घडी घालून मिटायचे, बटणांचे फोन आहेत.

13 एप्रिल 2008, रविवारची संध्याकाळ. मोनोरेल खच्चून भरली आहे. कुणाच्या तरी कोपराखाली तुमची मान आहे, समोरच्या पाठीवर 20 नंबर, म्हणजे इथल्या बास्केटबॉल संघाचा जुना खेळाडू गॅरी पेटन. पलीकडे 40, त्याच्याच संघातला शॉन केम्प. एका पोरानं कपाळाला हिरवी पट्टी बांधलीय, सत्तरच्या दशकातल्या स्लिक वॉट्ससारखी. ती बापानं बांधून दिली असणार, कारण वॉट्सला खेळताना पाहायला हा जन्मलाही नव्हता. डब्यात तीन पिढ्या आहेत आणि सगळ्यांच्या अंगावर एकच रंग.

स्पेस नीडलच्या पायथ्याशी उतरलात की आधी वास येतो. गाड्यांवर कांदा परतला जातोय, तांबूस होईपर्यंत. इथं हॉटडॉगच्या पावाला आतून क्रीम चीज फासतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण घ्याच एक. गरम सॉसेजनं चीज वितळतं, कांद्याचं तेल मनगटावर ओघळतं, आणि ते पुसायच्या आत गर्दी तुम्हाला दाराकडे ढकलते.

‘की अरीना’त, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानात, शिरल्यावर वर चढायचं नसतं, खाली उतरायचं असतं. जुन्या इमारतीचं छत ठेवून 1994-95 साली खेळाचं मैदान जमिनीत खोल नेलं. त्यामुळे रस्त्यावरून आत आलात की पायऱ्या थेट एका उबदार विहिरीत उतरतात. बिअर, पॉपकॉर्न, ओले स्वेटर आणि सोळा हजारांच्या वर माणसांचा श्वास, या सगळ्याची ऊब खालून तोंडावर येते. लाकडी फळ्यांवर बुटांचे तळ चिरकतायत. तो कर्कश आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, इतकं हे ठिकाण आटोपशीर आहे. संघाच्या नव्या मालकांना नेमकं हेच पुरेसं वाटत नाही. त्यांना मोठं, नवं अरीना हवं होतं. ते मिळालं नाही, आणि आता संघ ओक्लाहोमा सिटीला न्यायचा बेत आहे. 1967 पासून हा संघ या शहरात आहे. बोइंग तेव्हा आवाजापेक्षा वेगवान विमान बनवणार होती, त्यावरून नाव पडलं सुपरसॉनिक्स. ते विमान कधी उडालंच नाही. नाव मात्र घराघरांत राहिलं.

तुमची खुर्ची सापडली? बसा. आणि शेजारच्याला मान हलवून ओळख द्या, कारण आजच्यापुरते तुम्ही इथले सीझन तिकीटवाले आहात आणि हा माणूस कित्येक वर्षं तुमच्या डाव्या हाताला बसतोय. त्याचं आडनाव तुम्हाला ठाऊक नाही. कामधंदा विचारला होता, विसरलात. पण त्याचा गुडघा दुखरा आहे आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तो खुर्चीवर टेकत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. मुलगी लहान असताना तो तिला मांडीवर घेऊन यायचा. आता ती पलीकडच्या खुर्चीत बसते आणि पंचांवर त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडते. इतकी वर्षं तुम्ही त्याला फक्त एका बाजूनं पाहिलंय. दोघांचीही नजर मैदानावर.

बातम्यांत 35 कोटी डॉलर, करार, खटला असे शब्द फिरतायत. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्झ यांनी 2006 साली एवढ्या रकमेला संघ विकला, हे इथल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. मला विचाराल तर त्या रकमेत या दोन खुर्च्यांमधलं काहीच मोजलं गेलं नव्हतं. मोजायला हवं होतं.

सामना डॅलसशी आहे. खरं सांगायचं तर संघ यंदा फार वाईट खेळलाय. 82 पैकी जेमतेम 20 सामने जिंकून हा मोसम संपणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याला सांगू नका. तो समोरच्या 35 नंबरकडे बघतोय. केविन ड्युरंट, वय 19, हातपाय बांबूसारखे लांब, पहिलंच वर्ष. ‘हा पोरगा एक दिवस काय करील बघ,’ शेजारी म्हणतो. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे आणि हो म्हणताना घसा आवळतो. बोलू नका. हॉटडॉग खा.

मग ते सुरू होतं. आधी वरच्या कोपऱ्यात, चारदोन गळ्यांतून. ‘सेव्ह अवर सॉनिक्स!’ दोन रांगा उचलतात, मग दहा, मग ते पायऱ्यांवरून घसरत खाली येतं आणि तुमच्या पायाखालचं काँक्रीट थरथरायला लागतं. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये बसलेल्याला हा आवाज छातीत कुठं लागतो ते सांगायला नको. बास्केट झाली तरी घोषणा, चुकली तरी घोषणा, टाइमआउट झाला की आणखी मोठी. गर्दीत खुद्द पेटन आहे. तो दिसताच सगळं अरीना उभं राहतं. तुम्हीही उभे राहा. तुमच्या पाठीवर कुणाची तरी बिअर सांडेल, सांडू द्या.

शेवटच्या मिनिटाला गुण जवळजवळ बरोबरीत. ड्युरंट उडी मारून चेंडू सोडतो, जाळी हलते. सामना संपता संपता तो पोरगा प्रेक्षकांकडे वळून दोन्ही हात वर-खाली हलवतो: अजून, अजून मोठ्यानं. शहर सोडून चाललेला खेळाडू असं करील का? शेजाऱ्याची मुलगी रडतेय आणि ओरडतेय, दोन्ही एकदमच. 99-95. सॉनिक्स जिंकले. भोंगा वाजतो आणि कुणी जागचं हलत नाही. खेळाडू आत जातात, दिवे तसेच, लोक तसेच, घसे बसलेले आणि घोषणा चालू.

आता दोन महिने पुढे चला, 16 जूनला. मध्यंतरी लीगमधल्या संघमालकांनी 28 विरुद्ध 2 मतांनी संघ हलवायला परवानगी दिली आहे आणि शहरानं भाडेकरारावरून आधीच लावलेल्या दाव्याची सुनावणी आज सुरू होतेय. ते आत, वकिलांचं चाललंय. आपण कोर्टाबाहेर, फुटपाथवर. उघड्यावर तीनेक हजार माणसं, हिरवे-पिवळे फलक, हॉर्न मारत जाणाऱ्या गाड्या. पेटन आलाय, सॉनिक्सचा आणखी एक जुना खेळाडू झेवियर मॅकडॅनियल आलाय. ‘सेव्ह अवर सॉनिक्स’ आता उंच इमारतींवर आपटून उलट येतंय.

आणि कुणीतरी तुमच्या खांद्यावर हात ठेवतं. वळता. दोन क्षण ओळख पटत नाही, कारण हा चेहरा तुम्ही समोरून कधी पाहिलेलाच नाही. दाढी उन्हात पांढरी दिसतेय. उजव्या गालावर तीळ आहे, तो तुम्हाला माहीत होता. डाव्या गालावरही एक आहे.

‘जूनमध्ये भेटायची पहिलीच वेळ,’ तो म्हणतो. ‘मोसम एप्रिललाच संपतो ना.’

मग तो खिशातून मिटलेला फोन काढतो, उघडतो आणि विचारतो, ‘नाव काय लिहू? आडनावासकट सांग.’