कलेजी-पेटा कुणाच्या ताटात?

परवा कोंबडीच्या दुकानात पुढच्या गिऱ्हाईकाने दोन किलो मांस घेतलं आणि म्हणाला, "कलेजी-पेटा काढून टाका." दुकानदाराने तो बाजूच्या घमेल्यात टाकला. घमेलं भरत आलं होतं. मी त्यातलाच अर्धा किलो मागितला.

आमच्या लहानपणी, १९६० च्या आसपास, अर्धा किलो पेटा ही गोष्ट मनातही आली नसती. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका होता (वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला). कोंबडी जपायची अंड्यांसाठी आणि पिलांसाठी. कोंबडा कापायचा तो जावई आला की, नाहीतर नवस फेडायला. आणि एका कोंबड्यात पेटा एकच, कलेजी एकच!

कापायला मुलाणी येई. गावच्या बलुतेदारांत त्याचीही गणना होती. आजोबा माळकरी, नामदेवांची नरसी जवळ, त्यामुळे घरातल्या चुलीवर हे काही चढत नसे. अंगणात तीन दगड मांडून वेगळ्या भगुल्यात वडीलच शिजवत.

वडिलांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. ते पेट्याला 'संगदाना' म्हणत. फारसीत संग म्हणजे दगड आणि दान म्हणजे ठेवायचं भांडं. आपल्या अत्तरदाणीतली 'दाणी' तीच. कोंबडीला दात नसतात. ती बारीक खडे गिळते आणि पेट्याच्या जाड स्नायूत ते खडे दाणे भरडतात. जातंच म्हणा ना! वडील पेटा कडेने चिरून उघडत आणि आतले खडे, अर्धवट भरडलेली ज्वारी आमच्या हातावर ठेवत. एकदा बांगडीची काच निघाली होती. मग आतली पिवळी साल सोलायची. कलेजीला लागून हिरवी पित्ताची पिशवी असते, ती फुटली की सगळं कडू. पुढे वर्गात पचनसंस्था शिकवताना मला पुस्तकातल्या आकृतीआधी ते अंगण दिसायचं.

पेटा चिवट. हळद-मीठ लावून झाकण ठेवून तासभर शिजवायचा, मग तेल, लसूण, येसर. कलेजी अगदी शेवटी, पाच-सात मिनिटं. जास्त झाली तर खडूसारखी लागते.

आता वाटणी. पेटा जावयाला, नाहीतर वडिलांना. कलेजी मुलांना, म्हणजे आम्हा दोघा भावांना. त्यावरून आमची भांडणं. माय आणि बहिणीच्या वाट्याला मान, पाय आणि रस्सा. हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नाही आणि मीही कधी विचारलं नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचलं, मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या जेवणावरचं. जनावराचा कोणता भाग कुणाच्या घरी शिजतो यात गावाची उतरंड कशी दिसते, ते त्यात आहे. मला मात्र वाचताना आमच्याच घरातली पंगत आठवत राहिली.

पुढे काळ बदलला. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वर हॅचरीज काढली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ब्रॉयलर कोंबडी आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांतही आली. सहा आठवड्यांत दोन किलोची! खाद्य आयतंच भरडलेलं, त्यामुळे पेट्याला फारसं दळणच उरलं नाही. आता उघडला तर खडे सापडत नाहीत. मांस तुकडे करून किलोवर मिळू लागलं, आणि ज्या पेट्यावर जावयाचा मान ठरायचा तो घमेल्यात जाऊन पडला. स्वस्तात मिळतो, एवढंच त्याचं आज कौतुक.

तर तो अर्धा किलो घेऊन मी बहिणीकडे गेलो. तिनेही सत्तरी ओलांडली आहे. सासरीही तिच्या वाट्याला तेच आलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. पेटा साफ करणं तिला ठाऊक नव्हतं, मी करून दिला. शिजवलं तिने. जेवताना पेट्याचा तुकडा बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही दोघं याच्यासाठीच भांडायचे का?"

मी काही बोललो नाही. तिने भगुलं जवळ ओढून आणखी वाढून घेतलं.