प्रॉक्टरचे नाव

मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चाललेल्या चेटूक-खटल्यांवर आर्थर मिलर यांनी १९५३ मध्ये 'द क्रूसिबल' हे नाटक रचले. त्यातील जॉन प्रॉक्टर पस्तिशीतला शेतकरी. ॲबिगेल या मोलकरणीशी घडलेल्या व्यभिचाराचे शल्य बाळगणारा. खरा प्रॉक्टर साठीचा होता आणि ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची पोर! इतिहासाचा आग्रह धरणाऱ्या आम्हांस ही मोडतोड प्रथम खटकली.

तेथला न्यायच उफराटा. चेटूक कबूल करून जो त्या जबाबावर टिके तो वाचे, नाकारणाऱ्यापुढे फास. २३ जुलैस खऱ्या प्रॉक्टरने तुरुंगातून बोस्टनच्या धर्मोपदेशकांकडे अर्ज धाडला. कबुलीसाठी आपल्या मुलाची मान टाचांशी जखडून नाकातून रक्त येईतो त्याला तसेच ठेवले, असे त्यात आहे. १९ ऑगस्टला प्रॉक्टर फासावर गेला.

हा निर्दोषाचा निर्धार. मिलर यांचा प्रश्न आम्हांला अधिक अवघड वाटतो: स्वतःच्याच नजरेत जो पतित, त्याला प्राण देऊन राखावे असे नाव उरते काय? त्यांचा प्रॉक्टर खोट्या कबुलीवर सही करतो. ती चर्चच्या दारावर लावण्यासाठी हाती देण्याऐवजी कागद फाडतो. १९५६ मध्ये अमेरिकी संसदीय समितीने मिलर यांनाच इतरांची नावे विचारली. त्यांनी ती दिली नाहीत.

खऱ्या प्रॉक्टरवरील कलंक १७११ मध्ये विधिमंडळाने पुसला, आणि कुटुंबाच्या हाती दीडशे पौंड ठेवले.