मॅकफेल, ॲग्नेस कॅम्बेल

(२४ मार्च १८९०–१३ फेब्रुवारी १९५४). कॅनडाच्या संसदेत निवडून गेलेल्या पहिल्या महिला आणि तुरुंगसुधारणेच्या खंद्या पुरस्कर्त्या. ऑन्टॅरिओ प्रांतातील ग्रे परगण्यात शेतकरी कुटुंबात जन्म. स्ट्रॅटफर्ड येथे शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी खेड्यांतील शाळांत अध्यापन केले. युनायटेड फार्मर्स ऑफ ऑन्टॅरिओ या शेतकरी संघटनेच्या कामातून त्या राजकारणात आल्या. डिसेंबर १९२१ च्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे ग्रे साउथईस्ट मतदारसंघातून त्या हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून गेल्या. २३५ सदस्यांच्या त्या सभागृहात त्या एकमेव महिला होत्या. १९३५ मध्ये युकॉनमधून मार्था ब्लॅक निवडून येईपर्यंत ही स्थिती कायम राहिली. मॅकफेल यांची ओळख बहुधा ‘पहिली महिला खासदार’ एवढ्यावरच संपते. ती खरी असली तरी अपुरी आहे. पहिलेपणाचा मान एका निवडणुकीने मिळाला. त्यांची खरी थोरवी पुढच्या १९ वर्षांच्या कामात आहे. ज्यांच्याविषयी निर्णय होतात, पण ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही, अशांची बाजू मांडणे हे या सर्व कामाचे सूत्र होते.

शेतमालाच्या भावाचा आणि आयात जकातीचा प्रश्न त्यांनी मांडला, तो मतदारसंघाच्या हिताचाच होता. परंतु केप ब्रेटन बेटावरील कोळसा खाण कामगारांच्या हलाखीविषयी त्या तितक्याच तळमळीने बोलल्या, आणि ते कामगार त्यांचे मतदार नव्हते. १९२४ मध्ये पक्षशिस्तीपेक्षा सदसद्विवेकाला महत्त्व देणाऱ्या ‘जिंजर ग्रुप’ या गटात त्या सामील झाल्या. घटस्फोटाच्या कायद्यात स्त्री-पुरुषांना एकच कसोटी असावी, असा आग्रह त्यांनी धरला. १९२९ मध्ये त्या जिनीव्हाला राष्ट्रसंघाच्या अधिवेशनात कॅनडाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या आणि तेथे त्यांनी निःशस्त्रीकरणाच्या समितीत काम केले.

या सूत्राचा सर्वांत भक्कम पुरावा तुरुंगांच्या प्रश्नात मिळतो. कैद्यांना तेव्हा मताधिकार नव्हता. किंग्स्टनचा मोठा तुरुंगही त्यांच्या मतदारसंघात नव्हता. या विषयातून राजकीय लाभाची काडीचीही आशा नव्हती. तरीही त्यांनी तुरुंगाची प्रत्यक्ष पाहणी केली आणि वर्षानुवर्षे सभागृहात तेथील परिस्थितीचा जाब विचारला. १९३६ मध्ये सरकारने न्यायमूर्ती आर्चम्बॉल्ट यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. आयोगाच्या १९३८ च्या अहवालाने कैद्याला शिक्षा देण्याबरोबरच त्याला पुन्हा समाजात उभे करण्यावर भर दिला. दुसऱ्या महायुद्धामुळे अंमलबजावणी लांबली, परंतु युद्धोत्तर सुधारणांचा पाया या अहवालातच घातला गेला. तुरुंगातील स्त्रियांना आधार देण्यासाठी टोरांटोत एलिझाबेथ फ्राय सोसायटी स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

यावर आक्षेप असा की, मॅकफेल कधी मंत्री झाल्या नाहीत, आणि १९३२ मध्ये किंग्स्टनच्या तुरुंगात दंगे झाले नसते तर आयोगही नेमला गेला नसता. दंग्यांचा वाटा नाकारता येत नाही. पण दंग्याने निर्माण होणारी खळबळ अल्पजीवी असते, आणि चौकशीऐवजी अधिक कडक बंदोबस्त हाही तिचा शेवट होऊ शकतो. हा प्रश्न वर्षानुवर्षे संसदेच्या कामकाजात जिवंत ठेवणारे कोणीतरी लागते, आणि ते काम मॅकफेल यांनी केले. दुसरा आक्षेप सुसंगतीचा आहे. आयुष्यभर युद्धविरोधी भूमिका घेऊनही १९३९ मध्ये त्यांनी कॅनडाच्या युद्धप्रवेशाला पाठिंबा दिला. येथे त्यांच्या विचारातला ताण उघड दिसतो. मात्र शांतता आणि दुर्बळांचे रक्षण ही त्यांची दोन तत्त्वे नाझी आक्रमणापुढे एकमेकांविरुद्ध उभी राहिली आणि त्यांना त्यांतून निवड करावी लागली. या निर्णयाला संधिसाधूपणा म्हणता येत नाही. १९४० च्या निवडणुकीत तर त्यांचा पराभवच झाला.

पुढे को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशनतर्फे १९४३ मध्ये त्या ऑन्टॅरिओ विधानसभेवर गेल्या. त्या आणि रे लकॉक या तेथील पहिल्या दोन महिला सदस्य होत. १९४५ च्या पराभवानंतर १९४८ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. समान कामासाठी स्त्रियांना समान वेतन देणारा प्रांताचा १९५१ चा कायदा होण्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. टोरांटो येथे त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये कॅनडाने काढलेल्या १० डॉलरच्या स्मारक नोटेवर त्यांचे चित्र आहे. सत्ता हाती नसलेला एकटा सदस्यही चिकाटीच्या बळावर राज्यसंस्थेला बिनआवाजी माणसांविषयी उत्तर देण्यास भाग पाडू शकतो, हे मॅकफेल यांच्या कारकिर्दीने सिद्ध केले. त्यांचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हायला हवे.