सुरतेची आग आणि दगडी धुराडे

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १६६४ व १६७० या दोन सनांची स्मृती प्रथम जागी होते. परंतु त्या नगरीच्या इतिहासात १८३७ हा सनही तितक्याच गांभीर्याने स्मरणात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी २४ एप्रिल रोजी एका पारशी गृहस्थाच्या घरी उकळत्या डांबराचे भांडे कलंडले, आणि पाहता पाहता लाकडी सांगाड्याच्या घरांची दाट वस्ती ज्वालांच्या स्वाधीन झाली. नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच वर्षी पुढे तापीला महापूर आला.

घरात अग्नी हवा, पण घराला तो लागता कामा नये, हा पेच सर्वच देशांचा आहे. आपल्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून व झरोक्यांतून निघून जातो. थंड देशांत दारेखिडक्या मिटून बसावे लागते. म्हणून तेथे दगडी धुराडे आले. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये घरे विटांची वा दगडांची बांधण्याचा कायदा झाला. पुढे १७९६ मध्ये काउंट रम्फर्डने शेगडीची खोली कमी करून व धुराड्याचा गळा अरुंद करून धूर खोलीत परतण्याचे थांबविले.

जुने दगडी धुराडे दुरुस्त करून त्यात पुन्हा लाकूड वा कोळसा पेटविण्याची हौस आम्हांस स्तुत्य वाटते. मात्र शंभर वर्षे उभे असलेले धुराडे आतूनही धडधाकट असेलच, असे मानणे धोक्याचे होय. वर्षानुवर्षे न तापलेल्या दगडात धूर लवकर निवतो. ओल्या लाकडाचा धूर तर भिंतीस चिकट काजळी फासतो, आणि एखाद्या दिवशी ती काजळीच पेट घेते. सांध्यांतील चुना झडलेला असला, तर ठिणगी फटीतून थेट तुळईपर्यंत पोहोचते. म्हणून प्रथम घरटी व काजळी काढावी, मग धूर सोडून गळती शोधावी. चुन्याचे सांधे चुन्यानेच भरावे. सिमेंट ओल कोंडते व दगडाचा पापुद्रा सुटतो. गरज पडल्यास आत पोलादी नळी बसवावी, आणि जळण वाळलेलेच घ्यावे.

जुन्या वास्तूविषयीचा आदर तिची कसून परीक्षा घेण्यात आहे. ही परीक्षा टाळली, तर काय होते, हे सुरतेच्या इतिहासातून विद्यार्थ्यांस अवश्य शिकवावे.