नऊ धावा, दहा मिनिटं

१६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात सुरू झालेल्या महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड या रणजी सामन्याचा धावफलक अर्धाच भरून ठेवून दिल्यासारखा दिसतो. काठियावाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. त्यापुढे कोरं. काठियावाडचा दुसरा डाव नाही, महाराष्ट्राने डाव घोषित केल्याची नोंद नाही. मधे एका नावासमोर आकडा आहे: भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३.

निंबाळकर कोल्हापूरचे. जन्म १२ डिसेंबर १९१९. म्हणजे सामना सुरू झाला तेव्हा त्यांना एकोणतीस पुरी होऊन चारच दिवस झाले होते. आमचं गाव शिरोळ तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, शेजारच्या कुरुंदवाडवर कालपरवापर्यंत पटवर्धनांचा अंमल होता, आणि ‘महाराष्ट्र’ नावाचं राज्य कुठल्याच नकाशावर नव्हतं. क्रिकेटमध्ये मात्र ते १९३४ पासून होतं. पुण्याचा, कोल्हापूरचा, सांगलीचा खेळाडू महाराष्ट्राकडून खेळायचा आणि मुंबईशी प्रतिपक्ष म्हणून भिडायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला जी मुंबई पुढे मिळवावी लागली, तिला क्रिकेटच्या महाराष्ट्राने आजतागायत आपल्यात घेतलेलं नाही.

त्या मोसमाची आठवण निघाली की गोष्ट निंबाळकरांची होते, आणि तीही एका ओळीत संपते: ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरचा संघ घरी निघून गेला. ओळ खरी आहे. पण मोसम तिथे संपला नाही. मार्चमध्ये याच संघाने याच पुण्यात आणखी एक सामना खेळला आणि तो हरला. त्याचा धावफलक काठोकाठ भरलेला आहे. हे दोन कागद शेजारी ठेवले तर डिसेंबरच्या त्या दुपारचा न्याय जरा वेगळा लागतो.

आधी डिसेंबर. निंबाळकर एक गडी बाद झाल्यावर आले. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. दुसऱ्या गड्याची एवढी मोठी भागीदारी तोवर प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये जगात कुठेच झाली नव्हती. भांडारकर २०५ वर बाद झाले. हे भांडारकर यष्टिरक्षक, पुढे पुण्यात प्रशिक्षक म्हणून नावाजले गेले. निंबाळकर थांबले नाहीत. ४९४ मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तासांना एक मिनिट कमी. ४९ चौकार आणि १ षटकार.

हे शेवटचे दोन आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नये. चौकारांच्या १९६ आणि षटकाराच्या ६ मिळून २०२ धावा होतात. उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या. काठियावाडच्या अकरा जणांचा अख्खा डाव २३८ चा होता. निंबाळकरांनी नुसतं पळून त्याहून तीन धावा जास्त केल्या, आणि त्यात समोरच्या फलंदाजासाठी जे पळावं लागलं ते धरलेलंच नाही. मोठी खेळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सीमारेषेकडे जाणारा चेंडू येतो. या खेळीतलं निम्म्याहून अधिक काम पायांनी केलेलं आहे.

तुलनेला ब्रॅडमन घ्यायचे ते विक्रम त्यांचा होता म्हणून. जानेवारी १९३० मध्ये सिडनीला न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२, वेळ ४१५ मिनिटं. गंमत अशी की त्यांचेही चौकार ४९ च. ब्रॅडमन वेगवान होते यात वाद नाही. पण निंबाळकरांचा वेगही मिनिटाला ०.९ धावांच्या आसपास पडतो. आता उरलेल्या नऊ धावांना या वेगाने भागा. दहा मिनिटं येतात.

ही दहा मिनिटं महत्त्वाची, कारण त्या दुपारी नेमका वाद किती वेळेचा होता ते त्यातून कळतं. खेळाच्या सुटीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब प्रद्युम्नसिंहजी, यांनी महाराष्ट्राकडे मागणी केली की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. महाराष्ट्राचे कर्णधार गोखले यांनी फक्त दोन षटकं मागितली, असं सांगितलं जातं. दोन षटकं म्हणजे साधारण सात-आठ मिनिटं. आकड्यांमधून निघणारी दहा मिनिटं आणि तोंडी चालत आलेली दोन षटकं इतकी जवळ बसतात की ही आठवण मागाहून रचलेली असेल असं मला वाटत नाही. ठाकोरसाहेबांनी ती दिली नाहीत. सामना सोडला आणि संघ घेऊन निघून गेले.

यावर एक बचाव नेहमी मांडला जातो: ५८८ धावांनी मागे पडलेल्या संघाने उन्हात अजून किती चेंडू अडवायचे? सामना तर हातातून गेलेलाच होता. बाद पद्धतीच्या त्या स्पर्धेत सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर महाराष्ट्रच पुढे जाणार होता. हे सगळं मान्य. पण मग मागणी नीट वाचायला हवी. डाव घोषित करा, असं ते म्हणत होते. घोषित केला असता तर काठियावाड दुसऱ्या डावात खेळायला तयार होता. म्हणजे उन्हाचा किंवा थकव्याचा प्रश्न नव्हता, सामना निरर्थक झाल्याचाही नव्हता. डाव घोषित झाला काय किंवा सामना सोडला काय, निंबाळकर ४४३ वरच राहणार होते. भांडण त्या नऊ धावांचं होतं. आपल्या संघाचं नाव विक्रमाच्या पुस्तकात ‘ज्यांच्याविरुद्ध’ या रकान्यात जायला नको, एवढंच.

आणि तरी नाव गेलंच. नाबाद ४४३ हीसुद्धा तेव्हा जगातली दुसऱ्या क्रमांकाची खेळी होती. पॉन्सफर्डच्या ४३७ तिने मागे टाकल्या होत्या. आजही भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली सर्वोच्च धावसंख्या तीच, आणि कधीच कसोटी न खेळलेल्या माणसाची जगातली सर्वोच्चही तीच. पुढे हनिफ मोहम्मद १९५९ मध्ये कराचीला ४९९ वर धावबाद झाले, १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या. त्या यादीत काठियावाड चौथ्या ओळीवर कायमचा बसला आहे, आणि सामना सोडून गेलेला संघ म्हणून वर एक टीपही चिकटली.

‘ज्यांच्याविरुद्ध’ या रकान्याची महाराष्ट्राला तर सवय होती. निंबाळकरांच्या आधी रणजीतली सर्वोच्च खेळी विजय मर्चंट यांची नाबाद ३५९, १९४३-४४ मधली, आणि ती मुंबईकडून केलेली होती महाराष्ट्राविरुद्ध. त्या धावफलकावर महाराष्ट्राचा संघ निघून गेल्याची नोंद नाही.

निंबाळकरांच्या त्या मोसमात भारतात वेस्ट इंडीजचा संघ होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली आणि तिसऱ्या दिवशी पुण्याचा हा सामना सुरू झाला. निवड समितीला नाव सुचायला याहून चांगली वेळ नव्हती. कलकत्ता, मद्रास आणि पुन्हा मुंबई, अशा तीन कसोट्या बाकी होत्या. निंबाळकर एकाही संघात नव्हते. पुढच्या वर्षी राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी त्यांना मिळाली, तेवढीच. महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगेंना मद्रासची कसोटी मिळाली, जानेवारीच्या अखेरीस. ती त्यांची पहिली आणि शेवटची. रेगेंचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

५ मार्च १९४९. पुणे, उपांत्य सामना, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. चारच दिवसांपूर्वी, १ मार्चला, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. कागदोपत्री निंबाळकरांचं गाव आता मुंबईत होतं. सामना निकाली होईपर्यंत खेळायचा होता. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या. माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३, दत्तू फडकर १३१. फडकरांचा जन्मही कोल्हापूरचा. महिनाभरापूर्वी, ८ फेब्रुवारीला, मुंबईच्या पाचव्या कसोटीत ३६१ च्या पाठलागात भारत ८ बाद ३५५ वर असताना पंचांनी खेळ थांबवला, तेव्हा खेळपट्टीवर नाबाद उभे होते ते फडकरच. षटकातला एक चेंडू टाकायचा राहिला होता आणि सहा धावा हव्या होत्या. कोल्हापुरात जन्मलेले दोन फलंदाज एकाच मोसमात असे काठावर अडवले गेले: एक नऊ धावांवर, एक सहा धावांवर.

महाराष्ट्राने ६५१ ला ४०७ ने उत्तर दिलं. दातार १४३, रेगे १३३. आघाडी २४४ ची. मुंबईने मग दुसऱ्या डावात जे केलं त्याला दया हा शब्द लागू नाही: ८ बाद ७१४, आणि मग डाव घोषित. फडकर १६०, उदय मर्चंट १५६. दोघांचीही सामन्यात दोन-दोन शतकं. महाराष्ट्रापुढे लक्ष्य होतं ९५९ धावांचं.

हा आकडा छपाईची चूक वाटावी असा आहे. दोन डावांत १३६५ धावा होईपर्यंत महाराष्ट्राने क्षेत्ररक्षण केलेलं होतं. काठियावाडला डिसेंबरमध्ये ८२६ धावांत घरी जावंसं वाटलं, त्याच्या दीडपटीहून हे जास्त. आणि पुढे आशा तर काहीच नव्हती, कारण चौथ्या डावात ९५९ कुणी कधी केलेल्या नव्हत्या. बरोबर दहा वर्षांपूर्वी, मार्च १९३९ मध्ये डर्बनला इंग्लंड ६९६ च्या मागे लागून ५ बाद ६५४ पर्यंत पोचलं होतं आणि परतीची बोट चुकू नये म्हणून तो सामना ४२ धावा राहिलेल्या असताना सोडून द्यावा लागला होता. जगातला पल्ला तोच.

महाराष्ट्राने ६०४ केल्या. शरद देवधर १४६, प्रा. दि. ब. देवधरांचे चिरंजीव. रेगे पुन्हा १००. एका कसोटीत हिशेब मिटवलेल्या सलामीवीराने सहा आठवड्यांच्या आत एकाच सामन्यात दोन शतकं काढली, तीही एकूण १३६५ धावा खाल्लेल्या संघाकडून खेळताना. माझ्या मते त्या मोसमातलं हे दुसरं मोठं काम. चौथ्या डावातली त्या वेळेपर्यंतची ही जगातली दुसरी सर्वांत मोठी धावसंख्या, डर्बनच्या खालोखाल. महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. दोन्ही डाव मिळून १०११ धावा करून हरला.

११ मार्चला संपलेल्या या सामन्यात ३८ बळी पडले आणि २३७६ धावा झाल्या. नऊ शतकं. तिघांची दोन-दोन. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात इतक्या धावा आधी कधी झाल्या नव्हत्या. या आकड्यांत महाराष्ट्राचा वाटा हरलेल्याचा आहे, पण त्याच्याशिवाय बेरीज होत नाही. मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला ४६८ धावांनी हरवलं. त्या सामन्यात चुरस नव्हती.

गोलंदाजांच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. त्या दशकातल्या भारतीय खेळपट्ट्या फलंदाजाला नमस्कार करून आत घेणाऱ्या होत्या; १९४५-४६ मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, पुढच्या मोसमात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ जोडल्या. तेव्हा ४४३ चं कौतुक करताना या काळाचा भाव लक्षात ठेवावा. तो भाव धरूनही त्या काळात चारशेच्या वर गेलेला भारतीय एकच.

ही खेळी आपल्या ४५२ पेक्षा सरस असल्याचं ब्रॅडमननी चिठ्ठी पाठवून कळवलं, असं निंबाळकर सांगत. पुढे रेल्वेकडूनही ते खेळले. ८० प्रथम दर्जाचे सामने, ४८४१ धावा, १२ शतकं. शेवटची वर्षं कोल्हापुरातच गेली, आणि ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव पुरी व्हायला एक दिवस असताना, तिथेच त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्राच्या डावाने पुन्हा एकदा जागतिक विक्रमाच्या उंबऱ्याशी येऊन थांबायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, तिसऱ्या गड्याची अभेद्य भागीदारी ५९४. संगकारा आणि जयवर्धने यांच्या ६२४ ला तीस धावा कमी होत्या. या वेळी समोरून कुणी निघून गेलं नव्हतं. कर्णधार गुगळेच होते, आणि २ बाद ६३५ वर डाव त्यांनी स्वतः घोषित केला. दिल्ली खेळायला उतरली, ऋषभ पंतने ३०८ काढल्या, आणि तरी दिल्लीचा डाव ५९० वर संपला. महाराष्ट्राला पहिल्या डावाची आघाडी मिळाली ४५ धावांची.